सर्वाधिकाराची किल्ली

लिनक्स प्रणालीच्या घरगुती संगणकावर नवा प्रोग्राम बसवू लागले, की पडद्यावर लहानशी चौकट उमटते आणि पासवर्ड मागते. यंत्र स्वतःचे, वापरणाराही एकटाच; मग ही चौकशी कशासाठी, असे पुष्कळांस वाटते. तिचे मूळ साठ वर्षांहून अधिक मागे आहे.

त्या काळी एक यंत्र अनेकांत वाटून घ्यावे लागे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत फर्नांडो कोर्बातो ह्यांनी १९६१ साली अशी व्यवस्था करून दाखविली. एकाचे काम दुसऱ्याने उघडू नये म्हणून तीत प्रत्येकास गुप्त शब्द दिला जाई. परंतु त्या शब्दांची यादी साध्या अक्षरांतच ठेवलेली होती. एकदा ती यादी आणि रोजचा स्वागतसंदेश ह्यांची अदलाबदल झाली, आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकापुढे सर्वांचे गुप्त शब्द छापले गेले!

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्स प्रणाली रचण्यास आरंभ केला. तीत ‘रूट’ नावाचे एक खाते असे. त्याचा क्रमांक शून्य. इतरांस जे निर्बंध, ते शून्यास नाहीत. कोणतीही फाईल वाचावी, बदलावी, पुसून टाकावी. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. एक आज्ञा चुकली, तर सर्वांचेच काम नष्ट व्हावे. आणि रूटचा पासवर्ड चौघांस ठाऊक असला, तर चूक कोणाची हे कळू नये.

ह्यावर उपाय निघाला तो अधिकार क्षणापुरता देण्याचा. सामान्य माणसास ठरावीक प्रोग्राम चालविताना तेवढ्यापुरता त्या प्रोग्रामच्या मालकाचा अधिकार मिळावा, ही युक्ती रिची ह्यांची. तिच्या पेटंटसाठी १९७३ साली अर्ज करण्यात आला. तिच्याच आधारे १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगेशॉल व क्लिफ स्पेन्सर ह्यांनी ‘सुडो’ हा प्रोग्राम लिहिला. कोणी कोणती आज्ञा द्यावी, ह्याची यादी त्यात आधीच ठरलेली असते आणि दिलेल्या आज्ञेची नावानिशी नोंद होते.

लिनस टोरवाल्ड्स ह्यांच्या १९९१ मधील लिनक्सने युनिक्सचीच ही शिस्त उचलली. २००४ साली आलेल्या उबुंटूने तर रूटचे खाते आरंभापासून बंदच ठेवले. तेथे मालकही एरवी सामान्य खातेदारच. गरजेच्या वेळी तो स्वतःचाच पासवर्ड देऊन अधिकार उसना घेतो.

ही व्यवस्थाही अभेद्य नव्हे. २०११ पासून सुडोमध्ये दडून राहिलेला एक दोष २०२१ च्या जानेवारीत उघडकीस आला. त्यायोगे पासवर्डाविनाही रूट होता येत असे. तो दोष दुरुस्त झाला. परंतु चौकट काय मागते हे न वाचताच पासवर्ड देण्याची सवय कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. आलेला प्रोग्राम घातकी असला, तर सर्वाधिकाराची किल्ली त्याच्या हाती मालकानेच दिलेली असते.