आघातानंतर माइंडफुलनेस : डोळे मिटण्याआधी काय माहीत असावं?

अपघात, पूर, मारहाण, अत्याचार, घरातल्या माणसाचा अचानक मृत्यू. घटना होऊन जाते, पण शरीर ती अजून चालूच असल्यासारखं वागतं. जरा आवाज झाला की दचकणं, झोप न लागणं, तो रस्ताच टाळणं, मध्येच सगळं डोळ्यांपुढे उभं राहणं. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर डॉक्टर त्याला ‘पीटीएसडी’ म्हणतात. अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत हे नाव १९८० मध्ये आलं. आपल्याकडे ‘धसका घेतला’ म्हणतात, आणि तो शब्द बराचसा नेमका आहे.

अशा माणसाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ध्यान कर, बरं वाटेल’. महाराष्ट्रात ध्यान म्हटलं की अनेकांना इगतपुरी आठवते. ब्रह्मदेशात सयाजी उ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि पुढे इगतपुरीत धम्मगिरी उभं राहिलं. दहा दिवसांचं शिबिर, मौन, पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष आणि चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहणं. शिबिराला फी नाही, खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो.

दवाखान्यातला ‘माइंडफुलनेस’ याच बौद्ध परंपरेतून निघाला. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात धार्मिक भाग बाजूला ठेवला होता.

मग आघातावर त्याचा उपयोग होतो का? थोडा होतो. २०१५ मध्ये अमेरिकेत ११६ माजी सैनिकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसऱ्या गटोपचाराच्या तुलनेत माइंडफुलनेस शिकलेल्यांची लक्षणं जास्त कमी झाली, मात्र फरक माफक होता. पीटीएसडीचं निदानच उरलं नाही अशांचं प्रमाण दोन्ही गटांत फारसं वेगळं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आघातावर केंद्रित बोलण्याचे उपचार आणि ‘ईएमडीआर’ सुचवते. म्हणजे ध्यान ही जोड आहे, मुख्य औषध नव्हे.

आता खरी अडचण. ज्याचा आघात शरीरातच साठलाय, त्याला ‘शरीराकडे बघा’ सांगणं म्हणजे कधीकधी जखमेवरच बोट ठेवणं. पारनेर तालुक्यात भाळवणीला २०२१ मध्ये मोठं कोविड केंद्र उभं राहिलं होतं. त्या लाटेत ज्याला श्वास पुरत नव्हता किंवा ज्यानं आपल्या माणसाला धापा टाकताना पाहिलं, त्याच्यासाठी श्वास ही शांत, तटस्थ गोष्ट राहिलेली नसते. श्वासाकडे लक्ष नेताच छाती दडपते. शिकवणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो ‘अजून थोडं बसा’ म्हणतो, आणि तिथेच चुकतं.

डेव्हिड ट्रेलेव्हन यांनी २०१८ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की ध्यान सोडून द्यायचं नाही, शिकवण्याची पद्धत बदलायची. डोळे उघडे ठेवायला परवानगी. श्वास नको असेल तर तळपायाचा जमिनीला होणारा स्पर्श, हातातला कप किंवा बाहेरचे आवाज. सुरुवात दोन-तीन मिनिटांची. बसवत नसेल तर चालत. आणि मधेच उठून जाण्याची मुभा, कारण आघातात माणसाच्या हातून निवडच काढून घेतलेली असते. ज्याला शिकवायचं त्याला निवड परत द्यावी लागते, मग बाकीचं.

म्हणूनच आघात ताजा असताना थेट दहा दिवसांच्या मौनात जाणं धोक्याचं ठरू शकतं. विपश्यना केंद्रंही हे लपवत नाहीत. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना शिबिरात घेत नाहीत आणि साधना हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, असं नियमांतच लिहिलेलं असतं. अर्जात जुना आजार किंवा चालू गोळ्या लपवणं त्यामुळे अंगाशी येतं. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करणं तर त्याहून वाईट.

ध्यान करताना घटना पुन्हा घडतेय असं वाटलं, अंग बधिर झालं किंवा आपण आपल्यात नाही असं वाटू लागलं, तर थांबावं. डोळे उघडून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यावीत, गार पाण्यानं तोंड धुवावं, कुणाशी तरी बोलावं. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्यावी. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.