‘ही काय धर्मशाळा आहे?’ : पांथस्थांचा निवारा आणि राखणदाराची दैनंदिनी

मराठी घरात वेळी-अवेळी येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या वाढली की घरातील वडीलधारे माणूस हमखास विचारते, ‘ही काय धर्मशाळा आहे?’ या वाक्प्रचारात धर्मशाळेची एक विशिष्ट कल्पना गृहीत धरलेली आहे. कोणीही यावे, कसेही राहावे, केव्हाही निघून जावे. विचारणारे कोणी नाही. धर्मशाळांचा प्रत्यक्ष इतिहास मात्र या कल्पनेच्या नेमका उलट आहे. पांथस्थांच्या निवाऱ्याइतकी विचारपूस फार थोड्या ठिकाणी होत असेल. आपण कोण, कोठून आलात, किती दिवस राहणार, सोबत कोण आहे आणि, पुष्कळदा न विचारताच ताडलेला प्रश्न, जात कोणती? भाषेने जिला बेशिस्तीचे प्रतीक ठरविले, ती संस्था वस्तुतः नियमांवर उभी होती. प्रस्तुत निबंधात या विसंगतीची काही उदाहरणे तपासावयाची आहेत.

या विसंगतीचे एक कारण साहित्याच्या स्वरूपातच आहे. प्रवासवर्णन पाहुणा लिहितो. यजमान लिहीत नाही. प्रवासी एक रात्र राहतो आणि त्या रात्रीचा अनुभव लिहून ठेवतो. राखणदार वर्षानुवर्षे तेथेच असतो, पण त्याच्या हाती असते ती नोंदवही, किल्ल्यांचा जुडगा आणि हिशेबाचे कागद. त्यामुळे निवाऱ्याचा वाङ्मयीन इतिहास हा बहुतांशी तक्रारींचा किंवा कृतज्ञतेचा इतिहास झाला आहे. तो निवारा चालविण्याचा इतिहास झालेला नाही.

निवारा बांधणे आणि निवारा चालविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे. नाशिकच्या पांडव लेण्यांतील शिलालेखांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याच्या दानांची नोंद आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने चौसोपी निवासस्थाने व आश्रयस्थाने दिली. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर नावेची विनामूल्य सोय केली. ही झाली दानाची कीर्ती. त्याच ठिकाणचा दुसरा लेख अधिक रुक्ष असला तरी आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. लेण्यात वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्षूंसाठी उषवदाताने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० वर दरमहा दर शेकडा १, आणि १००० वर दरमहा दर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजच वापरावयाचे. वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळावेत, अशी योजना होती. हिशेब करून पाहावा : २००० चे वर्षाचे व्याज २४० होते, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. एकही नाणे शिल्लक राहत नाही आणि एकही कमी पडत नाही. दगडात कोरलेला हा हिशेब म्हणजे निवारा चालविणाऱ्याच्या दैनंदिनीचे आपल्याकडील एक अतिशय जुने पान होय. मात्र या अचूकतेतच त्याची अडचणही आहे. एकविसावा भिक्षू आला तर काय, या प्रश्नाला लेखात जागा नाही. पुढील सर्व काळात निवाऱ्याच्या राखणदारासमोर हाच प्रश्न रोज संध्याकाळी उभा राहत आलेला दिसतो.

मध्ययुगात या प्रश्नाला राज्यसंस्थेने दिलेले सर्वपरिचित उत्तर म्हणजे शेरशाहाच्या सराया. अकबराच्या काळात लिहिणाऱ्या अब्बासखान सरवानी याने दर दोन कोसांवर एक याप्रमाणे १७०० सरायांचा उल्लेख केला आहे. हिंदू व मुसलमान प्रवाशांसाठी वेगवेगळी निवासाची सोय, पाण्याची व्यवस्था, हिंदूंसाठी ब्राह्मण सेवक, घोड्यांसाठी दाणा असा तपशील तो देतो. आकडा गौरवाच्या भरात वाढलेला असू शकेल. परंतु व्यवस्थेचा विचार खराच आहे. सराईच्या पायाशी आरंभापासूनच एक विभागणी होती. पाणी कोणाच्या हातचे, हा प्रश्न राखणदाराने सोडविल्याखेरीज प्रवाशाला पाणी मिळत नव्हते.

सराई प्रत्यक्षात सांभाळणारा होता भटियारा, आणि बऱ्याचदा भटियारीण. चूल पेटवणे, खाटा देणे, जनावरांची सोय पाहणे, पहाटे निघणाऱ्याकडून पैसे वसूल करणे ही तिची कामे. त्याबद्दल भाषेने तिला काय दिले? हिंदी-उर्दूत ‘भटियारीण’ म्हणजे भांडखोर स्त्री आणि ‘भटियारखाना’ म्हणजे गोंगाटाची, अव्यवस्थित जागा. मराठीतील ‘भटारखाना’ त्याच कुळातील दिसतो. तो मात्र स्वयंपाकघरापुरता राहिला आणि निंदेतून बचावला. जी स्त्री रोज अनोळखी माणसांशी दरावरून घासाघीस करते तिचा आवाज चढणारच. प्रवाशाने तो चढलेला आवाज तेवढा ऐकला आणि भाषेत नोंदविला.

इंग्रजी अमलात या व्यवस्थेला कायद्याची चौकट लाभली. १८६७ च्या सराई अधिनियमाने सराईचालकावर नोंदणीचे बंधन घातले. खोल्या, गटारे, विहिरी स्वच्छ ठेवणे, पुरेसे पहारेकरी नेमणे, दरपत्रक लावणे, संसर्गजन्य रोग्याची वर्दी देणे ही कर्तव्ये त्याच्याकडे आली. म्हणजे राखणदार एकाच वेळी यजमान, झाडूवाला, आरोग्यरक्षक आणि सरकारचा बातमीदार ठरला. साहेबांसाठी डाकबंगले होते, आणि तेथील खानसामा हा अँग्लो-इंडियन साहित्यातील ठरलेला विनोदाचा विषय. बंगल्यात मिळणाऱ्या कोंबडीला साहेबी बोलीत ‘सडन डेथ’ म्हणत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हा शब्दप्रयोग नोंदलेला आहे. प्रवासी दिसताच कोंबडी कापली जाई, म्हणून हे नाव. विनोद प्रवाशाचा आहे. खानसाम्याच्या बाजूने पाहिले तर त्यातील व्यवहार दिसतो. पाहुणा आज येईल की महिन्याने, हे त्याला ठाऊक नाही. उन्हाळ्यात मांस टिकत नाही. तेव्हा अंगणात फिरणारी जिवंत कोंबडी हेच त्याचे कोठार. किपलिंगच्या १८८८ मधील ‘माय ओन ट्रू घोस्ट स्टोरी’ या कथेत रात्री शेजारच्या खोलीतून बिलियर्डचे आवाज येतात. ही जागा पूर्वी रेल्वे बांधणाऱ्या साहेबांची बिलियर्डची खोली होती, हे निवेदकाला सांगतो तो वृद्ध खानसामाच. कथा भुताची असली तरी त्या वास्तूची स्मृती सांभाळणारा मनुष्य कोण, हे ती नकळत सांगून जाते.

या सर्व उदाहरणांत राखणदाराची अडचण व्यवहाराची आहे. एका लेखनात मात्र ती नैतिक पेचाचे रूप घेते. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १९३० च्या दशकातील आत्मपर इंग्रजी टिपण, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. परदेशातील शिक्षणानंतर १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी गेलेल्या आंबेडकरांना हिंदू उपाहारगृहात जागा मिळणे अशक्य होते. ते पारशी धर्मशाळेत गेले. अंगावर सदरा व कस्ती नाही, हे राखणदाराच्या लक्षात आले. नियमानुसार त्याने दार बंद करावयास हवे होते. पण धर्मशाळा रिकामी होती, फिरस्ते पारशी येत नव्हते, आणि चार पैसे मिळण्याची ही संधी होती. नोंदवहीत पारशी नाव लिहावे, या अटीवर त्याने त्यांना ठेवून घेतले. निवास-भोजनाचा दर दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेला.

हा प्रसंग सामान्यतः अस्पृश्यतेच्या दाहकतेचा पुरावा म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि निवाऱ्याच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट दिसते. येथे नोंदवही हे केवळ कागदपत्र नाही. आत कोणाला माणूस म्हणून जागा आहे, हे ठरविणारे ते साधन आहे. राखणदार दयाळू नव्हता, क्रूरही नव्हता. रिकाम्या खोल्यांचा खर्च भागवू पाहणारा तो एक सामान्य पगारदार असावा. त्याच्या या सामान्य गरजेने जे दार किंचित उघडले, ते समाजाने काठीने बंद केले. आंबेडकरांचे निवेदन साहजिकच त्यांच्याबरोबर दाराबाहेर पडते. उपकृत पाहुण्याच्या किंवा चेष्टेखोर साहेबाच्या लेखनात राखणदार दिसत नाही, तो या अपमानित पाहुण्याच्या लेखनात स्पष्ट दिसतो, कारण दारावरच्या माणसाकडे नीट पाहण्याची गरज ज्याला आत घेतले जाणार नाही त्यालाच असते.

पंढरपुरात याच प्रश्नाला निराळ्या बाजूने हात घालणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) येथे आठवतात. वारीला येणाऱ्या अस्पृश्य यात्रेकरूंना डोके टेकावयास जागा नव्हती. त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे ती वास्तू आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविण्यात आली. बडोद्याच्या धर्मशाळेतून हाकलले गेलेल्या प्रवाशाच्या संस्थेकडे एका धर्मशाळेची किल्ली यावी, ही घटना प्रतीकापुरती मानून चालणार नाही. निवाऱ्याचा अधिकार पाहुण्याकडून यजमानाकडे सरकल्याचे ते उदाहरण आहे.

गाडगे महाराजांची ओळख धर्मशाळांइतकीच खराट्याने झालेली आहे, हेही अर्थपूर्ण वाटते. धर्मशाळा बांधण्यासाठी देणगीदार मिळतो. त्याचे नाव कोनशिलेवर येते. संडास धुण्यासाठी, फुटलेली कौले बदलण्यासाठी, आषाढीत मावत नाहीत म्हणून पडवीत झोपलेल्यांची पहाटेची घाण काढण्यासाठी देणगी मिळत नाही आणि कोनशिलाही बसत नाही. यात्रेच्या चार दिवसांत पाय ठेवावयास जागा नसते. एरवी महिनोन्‌महिने खोल्या ओस असतात, पण पगार, पाणी आणि डागडुजी चालूच राहते. उषवदाताने मुद्दल गोठवून व्याजावर खर्च टाकला तो याच अडचणीसाठी. गाडगे महाराजांनी हाती खराटा घेतला तोही, माझ्या मते, हीच अडचण ओळखून. दोघांनीही पुण्याचे केंद्र बांधण्यातून चालविण्याकडे सरकविले.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांपुढे यातून एक काम उभे राहते. प्रवासवर्णनांचा अभ्यास आपण पुष्कळ केला आहे. त्यांच्या जोडीने धर्मशाळांच्या नोंदवह्या, भिंतीवरील नियमफलक, डाकबंगल्यांतील अभिप्रायवह्या, देणगीदारांच्या पाट्या ही सामग्रीही संहिता म्हणून वाचावयास हवी. ‘तीन दिवसांपेक्षा अधिक राहू नये’ असा फलक दिसला की कोणीतरी चौथ्या दिवशी उठण्यास नकार दिला असणार, हे समजावे. प्रत्येक नियमामागे एखादा प्रसंग, एखादे भांडण, एखादी नाकारलेली व्यक्ती असते. ज्यांची नावे त्या वह्यांत खोटी लिहावी लागली आणि ज्यांची लिहिलीच गेली नाहीत, त्यांचा शोध घेतल्यावाचून हे वाचन पुरे होणार नाही.