मुलाण्याच्या दारची मेंढरं

गावगाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मुलाण्याला चार ओळींत आटोपले आहे. मशिदीची दिवाबत्ती करावी, पोरांना कलमा शिकवावा, निकाह-मयताला उभे राहावे आणि गावाचे बोकड-मेंढरू हलाल करून द्यावे, एवढ्यावर त्याचे वर्णन संपते. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात बारा बलुतेदारांच्या यादीत सुतार, लोहार, चांभार, महार, मांग यांच्या रांगेत मुलाणाही आहे. १९१५ साली निघालेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’तही तो भेटतो. यादीतला हा मुलाणा आपल्या डोळ्यांसमोर नेहमी सुरी घेऊनच उभा राहतो. त्याच्या दाराशी जे बांधलेले असे, त्याविषयी मला इथे लिहायचे आहे.

मी स्वतः मुलाण्याच्या घरातला. आमचे मूळ गाव करमाळा तालुक्यात भीमेच्या काठी होते. ‘होते’ असेच म्हणावे लागते, कारण उजनी धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पुरे झाले आणि करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतील नदीकाठच्या अनेक गावांप्रमाणे आमचेही गाव पाण्याखाली गेले. आज त्या पाण्याला यशवंतसागर म्हणतात. मी नव्या गावठाणात वाढलो. जुने गाव मला माहीत आहे ते आजोबा आणि दादी यांच्या बोलण्यातून.

धरणापूर्वीचा हा मुलूख जिरायत. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा, काळ्या रानात रब्बीची ज्वारी, बाकी माळ. अशा मुलखात दख्खनी मेंढीसारखे जनावर नाही. काळीभोर, अंगाने बेताची, लोकर जाडीभरडी, पण चालायला पक्की आणि उन्हाला न हटणारी. धनगरांचे वाडे सुगीनंतर रानात उतरत. शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेत आणि त्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य देत. लोकरीची घोंगडी होत. पोटासाठी मेंढरू विकायचे ते अडीनडीला. आज हे गणित पार उलटले आहे. लोकर कातरायची मजुरीही त्या लोकरीतून निघत नाही आणि मेंढी म्हणजे मटण असा सरळ हिशेब झाला आहे.

मुलाण्याकडे मेंढरं कुठून आली? तो काही धनगर नव्हे. आजोबांची मोठी मेंढी-मालमत्ता कधीच नव्हती. चार-पाच, फार तर सात. त्यांतली काही जत्रेच्या वाट्यातून आलेली. जत्रेत पन्नास जनावरे कापली जात, तेव्हा प्रत्येक जनावरामागे मुलाण्याचा ठरलेला वाटा असे. एखादा पाटील किंवा धनगर मटणाऐवजी जिवंत कोकरू देई, की मुलाण्याच्या पोरांनी ते वाढवावे. काही कंदुरीच्या नवसातून येत. पिराला बोललेले कोकरू नवस करणाऱ्याच्या घरी दोन-दोन वर्षे वाढे. मध्येच त्या घरात मयत झाली, दुष्काळ पडला, तर ते मुलाण्याच्या हवाली केले जाई, कंदुरीपर्यंत सांभाळायला. नवस करणारे बहुतेक मराठा, माळी, धनगर असत. आणि काही मेंढरं अर्धलीने घेतलेली असत. एखाद्या विधवा बाईची मेंढी आपण वाढवायची आणि पहिले कोकरू तिचे, दुसरे आपले.

मेंढी सांभाळण्याचे काम दादीचे. गाभण मेंढी पाच महिन्यांनी वितेल हे ती बोटांवर मोजून ठेवी. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते, त्यामुळे प्रत्येक कोकराला नाव मिळण्याइतकी सवड असे. आई मेली किंवा आटली तर कोकराला शेळीच्या सडाला लावायचे, नाहीतर चिंधी दुधात बुडवून पाजायचे. असे चिंधीवर वाढलेले कोकरू कळपात राहत नाही, माणसाच्या पायात घोटाळते, स्वयंपाकघरात येते, हाक मारली की ओळखते. जीव लागतो तो इथे. हौसेने कुत्रे पाळणाऱ्यांना हे सांगायला नको, पण त्यांच्या कुत्र्याला कापायचे नसते.

आजोबांविषयी घरात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दादीने चिंधीवर वाढवलेला एक एडका होता. बकरी ईद तोंडावर आली. घरात कुर्बानीचे दुसरे जनावर नव्हते आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. आजोबांनी सुरी काढली, तेव्हा दादी आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, “इने मेरे हात का खायाय. तुमारी सुरी इसपे नको.” आजोबा काही बोलले नाहीत. ते नदीपलीकडे इंदापूरच्या बाजूच्या एका गावी गेले. तिथला मुलाणी त्यांचा दूरचा मेव्हणा. त्याच्या घरीही एक पाळलेला मेंढा होता आणि तशीच अडचण. दोघांनी जनावरे बदलली. त्यांचा एडका होडीतून पलीकडे गेला, तिकडचा मेंढा अलीकडे आला. पुढे वर्षानुवर्षे हा रिवाजच पडून गेला.

गावातल्या शेकडो जनावरांवर ज्याचा हात थरथरला नाही, त्याचा हात आपल्या दारच्या एका एडक्यावर चालला नाही. याला कोणी दुबळेपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. शरीअतने जबह करणाऱ्यावर जी बंधने घातली आहेत, ती पाहिली तर हा हळवेपणा त्या बंधनांच्या बाहेरचा नाही. सुरी धारदार हवी, पण ती जनावरासमोर परजायची नाही. एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही. त्याला ओढत, फरफटत न्यायचे नाही, आधी पाणी पाजायचे. जीव पूर्ण जाण्याआधी कातडे सोलायला हात लावायचा नाही. हे नियम करणाऱ्याने जनावराला भीती वाटते, वेदना होते हे आधी मान्य केलेले आहे. आणि पैगंबरांनी लहानपणी मक्केवाल्यांची मेंढरं राखली हे तर आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. आपल्या हाताने कुर्बानी करणे उत्तम, ते जमत नसेल तर दुसऱ्याकडून करवून समोर हजर राहावे, एवढी सवलत फिकहात आहेच. आजोबांनी केलेली अदलाबदल मात्र त्यांची स्वतःची.

आणखी एक बारकावा इतिहासकारांच्या नजरेतून सुटतो. जत्रेच्या बोकडात मुलाण्याचा वाटा हा त्याच्या बलुत्याचा हक्क होता. तो जनावरातूनच निघे. कुर्बानीच्या जनावरातून मात्र कापणाऱ्याची मजुरी देता येत नाही. मांस नाही, कातडेही नाही. मजुरी द्यायची तर वेगळी, खिशातून. म्हणजे एकाच माणसाच्या, एकाच सुरीच्या दोन वह्या होत्या. एक गावाची, दुसरी दीनची. आजोबा या दोन्ही वह्या तोंडपाठ ठेवत आणि एकीतले दुसरीत जाऊ देत नसत. हे असे आत-बाहेर सांभाळणे म्हणजेच दख्खनच्या खेड्यातले मुसलमानपण, असे मला पुष्कळदा वाटते. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या काळात आपल्या लेखकांनी बलुतेदार-अलुतेदार मुसलमानांकडे पाहायला सुरुवात केली, तेव्हा मुलाणी, पिंजारी, शिकलगार, तांबोळी ही नावे पुढे आली ती जातींच्या यादीच्या रूपाने. त्यांच्या कामातला हा तपशील अजून बराच लिहायचा राहिला आहे.

गावाची वही आधी मिटली. चाकरी इनामे आणि कनिष्ठ वतने रद्द करणारे कायदे १९५३ आणि १९५८ मध्ये आले. वतनाची ती व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती, तेव्हा ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. महार वतनदारांना तर ती बेडीच होती. मुलाण्याचे पोट मात्र त्यानंतर जत्रा आणि मेंढरांवर जास्त लटकले. मग १९७२ चा दुष्काळ. माणसे खडी फोडायला गेली, बैल कवडीमोलाने विकले गेले. दादीने सातांपैकी दोन मेंढ्या वाचवल्या त्या बाभळीच्या शेंगांवर आणि लिंबाच्या पाल्यावर. गायीला जिथे काही उरत नाही तिथे मेंढीला काही ना काही सापडते, असे ती म्हणे.

आणि मग पाणी आले. १९७६ मध्ये पुनर्वसनाचा कायदा झाला. त्यात घर मोजले, जमीन मोजली, विहीर मोजली, झाड मोजले. जत्रेतला वाटा, कंदुरीचे कोकरू, वावरात मेंढरं बसवण्याचा करार हे कोणत्या रकान्यात लिहिणार? गाव दोन-तीन गावठाणांत विभागले गेले. आमच्या मुलाणीपणाची हद्दच पाण्यात गेली. आजोबांची सुरी पुढे लग्नकार्यापुरती उरली. नदीपलीकडचा तो मेव्हणा पूर्वी होडीने तासाभरात गाठायचा, आता मधे समुद्रासारखे पाणी पसरले. पहिल्या वर्षी अदलाबदल झाली नाही, आणि दादीने त्या ईदला डाळ खाल्ली, असे वडील सांगत.

उजनीने मुलखाचे रूप पालटले हे खरे. उपसा सिंचनाने ऊस आला, त्यामागून साखर कारखाने आले. जिथे माळावर कुसळे होती तिथे आज मेंढरांना उसाचे वाढे मिळतात, मका मिळतो, शेवरी-सुबाभूळ मिळते. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की गाळपेराच्या पट्ट्यात हिरवे लुसलुशीत गवत उगवते. पण हेच गवत मेंढीचा काळ ठरते. पाणथळीतल्या गोगलगायींमधून यकृतातला चपटा कृमी तिच्या पोटात जातो, ती खंगते, जबड्याखाली पाणी उतरते आणि एक दिवस उठतच नाही. कोरड्या माळावरच्या मेंढीला हा रोग फारसा माहीत नव्हता. धरणग्रस्त आपण स्वतःला म्हणतो, पण मेंढीही धरणग्रस्तच झाली. आता जाणती माणसे वर्षातून ठरावीक वेळा जंताचे औषध पाजतात, पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घेतात आणि सकाळच्या दवात काठाकडे मेंढरू सोडत नाहीत.

मेंढीही पूर्वीची राहिली नाही. सरकारने लोकर सुधारावी म्हणून मेरिनो, रॅम्बुलेचे संकर करून पाहिले. धनगराला ते फारसे मानवले नाहीत. मटणासाठी जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी लोकांना जास्त आवडली. उंच, लांब कानांची, पोपटासारख्या बाकदार नाकाची. तिच्या नामांकित एडक्यांच्या किमती ऐकून छाती दडपते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. एका वेताला दोन कोकरे म्हणजे चार-पाच मेंढ्यांच्या संसाराला केवढा आधार! २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली आणि ईदच्या आधी सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात मेंढ्या-बोकडांचा भाव आणखी चढू लागला, असे आमच्याकडचे व्यापारी सांगतात. तिथे जनावर घेताना आधी दात बघतात. शेळीला वर्ष पुरे हवे. मेंढा सहा महिन्यांचा असला आणि अंगाने वर्षाचा दिसत असला तर हनफी फिकहाप्रमाणे चालतो. ही सवलत गरिबाला मोठी आहे.

२०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, चंद्रभागा म्हणजे आमचीच भीमा. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांतील मुसलमानांनी ठरवले की नमाज त्या दिवशी, कुर्बानी दुसऱ्या दिवशी. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहेच. वर्तमानपत्रांत त्याचे मोठे कौतुक झाले. आजोबांना त्यात विशेष काही वाटले नसते. एकादशीला गावात सुरी बाहेर काढायची नाही हे त्यांच्या वहीत आधीपासूनच होते.

त्याच्या उलट, मार्च २०२५ मध्ये झटका मटण विकणाऱ्या हिंदू दुकानांसाठी ‘मल्हार प्रमाणपत्र’ जाहीर झाले, तेव्हा मला खरोखर धक्का बसला. कोणी काय खावे आणि कोणाकडून घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण मल्हारी म्हणजे खंडोबा, आणि याच खंडोबाला दख्खनमध्ये मल्लूखान असेही नाव आहे. आमच्याकडे खंडोबाच्या नावाने सोडलेल्या बोकडावर मुलाण्याने बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय पाटलाच्या घरी चूल पेटत नसे. ती काही कोणावर केलेली मेहेरबानी नव्हती. ज्याचे काम त्याने करावे, एवढाच तो व्यवहार होता.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये गेली. धरणातल्या एकूण सुमारे ११७ टीएमसीपैकी निम्म्याहून जास्त पाणी मृत साठ्यातले आहे. त्यालाही हात लागला की आमच्याकडे हा शब्द वापरतात. पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडले, माणसे बघायला लोटली. आम्हीही आमच्या गावच्या जागेवर चालत गेलो. घराचे जोते सापडले. दादीने मेंढरं बांधायला पुरलेला दगड वडिलांनी दाखवला होता तसाच, भोकासकट होता. माझ्या भावजयीची पाच मेंढरं आता नव्या गावठाणात असतात. त्यांतला एक एडका चिंधीवर नाही, बाटलीवर वाढलेला. तिच्या मागे मागे फिरतो. १७ जूनच्या ईदला तिने तो द्यायला साफ नकार दिला. भाऊ मोटारसायकल काढून पुलावरून इंदापूरच्या बाजूला गेला. आजोबांच्या त्या मेव्हण्याचा नातू आता तिकडे मटणाचे दुकान चालवतो. त्याच्या दारातही एक मेंढा होता, पोरींनी गळ्यात घुंगरू बांधलेला. संध्याकाळी टेम्पोतून तो आमच्याकडे आला आणि आमचा एडका तिकडे गेला. घुंगरू मात्र त्यांनी काढून ठेवून घेतले होते.