कंबरेच्या वर बघा

या काकू म्हणजे अंबरनाथ पश्चिमेतली कुणी एक बाई नाही. घटनाक्रम मात्र मणक्याच्या कुठल्याही सर्जनला तोंडपाठ असावा असा आहे. वय पंचावन्न. चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमो झाली, फाईल कपाटावर गेली. दोन महिन्यांपासून पाठ दुखतेय. शून्य तास म्हणजे दोन्ही पाय पूर्ण जाण्याची वेळ.

शनिवार, पहाटे २. उरले ५१ तास

दुखण्यानं जाग येते. आडवं पडलं की कळ वाढते, म्हणून काकू भिंतीला टेकून बसतात. झिजेचं दुखणं बहुधा आडवं पडल्यावर सैलावतं. झोपेतून उठवणाऱ्या दुखण्याचा संशय घ्यावा. घरचे बाम चोळतात.

शनिवार, सकाळी ८. उरले ४५ तास

जिना उतरताना उजव्या पायातली चप्पल मागच्या पायरीवर राहते. काकूंना पत्ताच नाही. शेजारीण हाक मारून दाखवते. पाय दुखत नव्हता. पायाकडून वर जाणारी खबरच बंद झाली होती. “थकवा आलाय गं,” म्हणून काकू पुढे निघतात.

शनिवार, दुपारी १. उरले ४० तास

दवाखान्यात सांगितलं जातं, कंबर दुखते, पाय जड झालेत. कर्करोगाचा विषय ना काकू काढतात, ना कुणी विचारतं. “गादी सरकली असेल.” इंजेक्शन, कमरपट्टा आणि कंबरेचा एमआरआय. संध्याकाळी रिपोर्ट येतो: वयोमानानुसार झीज, एका गादीला किंचित फुगवटा. पन्नाशीनंतर कंबरेचा एमआरआय काढला की असं काहीतरी बहुधा निघतंच. घरात सगळ्यांना हायसं वाटतं.

घात इथेच झाला. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पायांना हुकूम देणारे तंतू त्याआधी मान आणि छातीच्या मणक्यांतून खाली आलेले असतात, आणि मणक्यात पसरणारा कर्करोग सर्वाधिक बसतो तो छातीच्या भागात. काकूंची गाठ तिथेच आहे, फोटो तिच्या खालचा निघाला.

हे मशीनशिवायही कळलं असतं. टाचणी पायापासून वर टोचत न्यायची आणि टोचणं नीट कुठून कळू लागतं ते पाहायचं. बेंबीपाशी जाणीव बदलली तर मज्जारज्जूचा छातीतला दहावा भाग, स्तनाग्रांच्या रेषेत बदलली तर चौथा. तळपाय खरवडल्यावर अंगठा वर उचलला गेला तर दोष कंबरेच्या गादीत नाही, त्याच्या वर आहे. पाच-दहा मिनिटांचं काम. अंबरनाथला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या मुलांनी एमआरआयचा फॉर्म भरण्याआधी ही टाचणी शिकावी.

एक्स-रेचा शोध १८९५ चा. त्याच्या आठ वर्षं आधी, ९ जून १८८७ रोजी लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सली यांनी एका लष्करी कॅप्टनच्या मज्जारज्जूवरची गाठ काढली. निदान विल्यम गॉवर्स यांचं, निव्वळ तपासणीवरून केलेलं. मणका उघडला तर गाठ दिसेना. मदतीला उभ्या असलेल्या चार्ल्स बॅलन्स यांनी आणखी वर उघडण्याचा आग्रह धरला आणि गाठ सापडली. रोगी पुढे चालू लागला. तिथेही वरच बघावं लागलं!

रविवार, सकाळी ७. उरले २२ तास

संडासातून उठताना दोघांनी धरावं लागतं. “उद्या सोमवार, मोठ्या डॉक्टरांना दाखवू.”

काकू आधारानं का होईना, अजून चालतायत, आणि सगळा खेळ त्यावर आहे. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १०१ रुग्णांचा अभ्यास आला. कर्करोगाची गाठ मज्जारज्जू दाबत असताना ऑपरेशन करून मग रेडिएशन दिलेल्यांपैकी ८४ टक्के उपचारांनंतर चालू शकले, नुसत्या रेडिएशनवर ५७ टक्के. ४८ तासांहून जास्त काळ पाय गेलेल्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं. ब्रिटनचा नियम तर असा, की कर्करोगाच्या रुग्णात अशी लक्षणं दिसली की २४ तासांत संपूर्ण मणक्याचा एमआरआय.

रविवार, रात्री ९. उरले ८ तास

लघवी तुंबली. “पाणीच कमी पिता तुम्ही.”

सोमवार, पहाटे ५. शून्य

पाय हलत नाहीत. रुग्णवाहिका मुंबईकडे निघते; अंबरनाथ ते सीएसएमटी लोहमार्गानं ६० किलोमीटर, रस्त्यानं किती तास ते वाहतूक ठरवणार. तिथे पहिल्यांदा संपूर्ण मणक्याचा एमआरआय होतो. छातीचा सातवा मणका पोखरलेला, गाठ मज्जारज्जूवर रेललेली. सूज उतरवायला डेक्सामिथॅसोन देतात. मग मणक्याची मागची कमान काढून मज्जारज्जू मोकळा करायचा, वरखालच्या मणक्यांत स्क्रू-सळ्या बसवायच्या, जखम भरली की रेडिएशन. त्याच अभ्यासात आधीच चालणं थांबलेल्यांपैकी ऑपरेशन गटातले ६२ टक्के पुन्हा चालले, नुसत्या रेडिएशनवरचे १९ टक्के. म्हणजे शून्यानंतरही हातपाय गाळायचं कारण नाही. पण पाय पूर्ण लुळे पडल्यावर दर तासाला आशा आटत जाते.

घरात कुणाला कधीही कर्करोग झाला असेल, पाठ दुखत असेल आणि पाय जड पडू लागले असतील, तर सोमवारची वाट पाहू नका. रविवार असला तरी न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, जुना आजार कुणी न विचारताही सांगा, आणि एमआरआय नुसत्या कंबरेचा नाही, संपूर्ण मणक्याचा मागा.