देवळाचा ओटा आणि आपली नाटके

आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला. या शुभप्रसंगी मंदिरासमोरील ओट्याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

मराठी नाटकाचे देवळाशी नाते जुने आहे. उत्सवाच्या अखेरीस देवळातून लळिताची सोंगे निघत. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. पुढे १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने संगीत नाटकाचे युग सुरू झाले.

या इतिहासात आपल्या खान्देशाचाही वाटा आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८-१९६७), लहानपणी काही काळ जळगावी राहिले आणि तेथे मेहबूबखाँ यांजकडे गाणे शिकले. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले व १९१३ साली सहकाऱ्यांसह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. जळगावच्या खुल्या नाट्यगृहास त्यांचेच नाव आहे.

१९३१ साली ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि मोठमोठ्या मंडळ्या डबघाईस आल्या. खुद्द बालगंधर्वांनीही १९३५ साली ‘धर्मात्मा’ बोलपटात संत एकनाथांची भूमिका केली. गावोगावची हौशी नाटके मात्र तगून राहिली. कारण त्यांवर कोणाचे पोट नव्हते. दिवसा नांगर धरायचा, रात्री तालीम करायची आणि जत्रेच्या रात्री तोंडाला रंग लावायचा, एवढेच.

आमचे आजोबा याच ओट्यावर स्त्रीपार्ट करीत. पहिल्या वेळी त्यांनी मिशी उतरवली, तेव्हा पणजोबा संतापून म्हणाले, “मी आजून जित्ता शे ना!” बाप हयात असता मिशी काढणे अशुभ मानीत. दोन दिवस घरात अबोला होता. नाटकाच्या रात्री मात्र पणजोबा घोंगडी घेऊन सर्वांच्या पुढे बसले होते, असे आजी सांगत असे.

मी तहसील कचेरीत कारकून आहे. तेथे बांधाबांधाची नोंद सापडते. परंतु या ओट्यावर ज्यांनी पदरमोड करून गावाला हसविले, रडविले, त्यांची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. माहितगार मंडळी एकेक करून जात आहेत. म्हणून ग्रामस्थांना नम्र विनंती, की आपल्या घरातील ज्या कोणी पार्ट केला, पेटी-तबला वाजविला, पडदा ओढला किंवा बत्ती धरली, त्यांची नावे एका वहीत लिहून ती मंदिरात ठेवावी.

नव्या फरशीत जुना ओटा तसाच राखला, याबद्दल समितीचे आभार. आता येत्या जत्रेला तो रिकामा राहू नये. मुलींनीही त्यावर उभे राहावे. आता कोणाला मिशी उतरवावी लागणार नाही.