यकृतातील गाठ जाळल्यानंतर डाग मोठा का दिसतो?

यकृतातील कर्करोगाची ३ सेंटिमीटरची गाठ सुईद्वारे जाळली जाते. महिन्याभराने सीटी स्कॅन होतो आणि अहवालात त्याच जागी साडेचार सेंटिमीटरचा डाग नोंदवलेला असतो. रोग वाढला, या समजुतीने कुटुंबीय हवालदिल होतात. बहुतेक वेळा ही भीती अनाठायी असते. गाठीभोवतीचे अर्धा ते एक सेंटिमीटर निरोगी यकृतही डॉक्टर हेतुपुरस्सर जाळतात, त्यामुळे डाग मूळ गाठीहून मोठा असणेच अपेक्षित असते.

रेडिओफ्रिक्वेन्सी पद्धतीचे प्राण्यांच्या यकृतावरील पहिले प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. सुईच्या टोकाभोवती विद्युतभारित कण वेगाने कंप पावतात आणि घर्षणातून उष्णता निर्माण होते. ५० अंश सेल्सिअसला पेशी मरण्यास काही मिनिटे लागतात. ६० अंशांपुढे मात्र अंड्याचा पांढरा बलक थिजावा तशी पेशींतील प्रथिने जवळजवळ तत्काळ गोठतात. तापमान १०० अंशांवर गेल्यास वाफ होते, ऊती कोळपतात आणि वीजप्रवाहच अडतो. मायक्रोवेव्ह पद्धतीत ही अडचण फारशी येत नाही.

जळालेल्या भागाचे केंद्र मृत असते, तर कडेला रक्ताने भरलेला, दाह झालेला लालसर पट्टा असतो. गंमत म्हणजे आरंभी सूक्ष्मदर्शकाखाली मृत पेशींचा आकार शाबूत दिसू शकतो, म्हणून त्या जिवंत आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी विकरांची क्रिया तपासणारे विशेष रंजन करावे लागते. पुढे कडेला तंतुमय आवरण तयार होते आणि डाग अनेक महिन्यांत हळूहळू आकसतो.

स्कॅनमध्ये मृत भाग कॉन्ट्रास्ट औषध शोषत नाही, तो काळसर राहतो. सुरुवातीला त्यात हवेचे बुडबुडे दिसले तरी तो जंतुसंसर्गच असतो असे नाही. भोवतीची बारीक, एकसारखी उजळ कडा दाहाची असते आणि ती काही महिन्यांत विरते. कडेवर एकाच बाजूला जाड, गाठाळ उजळपणा दिसला तर मात्र कर्करोग शिल्लक असल्याचा संशय घ्यावा लागतो. ३ मिलिमीटरहून रुंद रक्तवाहिनीलगत हा धोका अधिक, कारण वाहते रक्त उष्णता वाहून नेते आणि तेथील पेशी वाचतात.

उपचारानंतर काही दिवस हलका ताप आणि थकवा येऊ शकतो. थंडी वाजून येणारा तीव्र ताप, वाढती पोटदुखी किंवा कावीळ दिसल्यास पुढील स्कॅनची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.