इंजेक्शन बाळासाठी, साखर आईची

मागच्या वर्षी ताई बाळंतपणासाठी नगरला माहेरी आली आणि 31व्या आठवड्यातच तिला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात डेक्सामेथासोन दिलं: 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, 4 वेळा. दुसऱ्या दिवशी साखर 190! आधीची तपासणी तर नॉर्मल होती. आईने स्वतःलाच दोष दिला, “मीच तिला सकाळी शिरा दिला.”

मी सॉफ्टवेअरवाला. काही अचानक बिघडलं की आधी काय बदललं ते बघायचं, ही सवय. बदललं होतं ते इंजेक्शन. म्हणून त्याचा इतिहास शोधत गेलो.

तो सुरू होतो न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांपासून. ऑकलंडचे डॉक्टर ग्रॅहॅम लिगिन्स 1960च्या दशकात कळा कशामुळे सुरू होतात ते शोधत होते. त्यांनी गर्भातल्या कोकरांना स्टिरॉइड दिलं. त्यातलं एक इतकं लवकर जन्मलं की ते जगणं शक्यच नव्हतं. पण ते श्वास घेत होतं. फुप्फुसं वेळेआधी तयार झाली होती. मग बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी 282 मातांवर चाचणी केली. 1972मध्ये निष्कर्ष छापून आले: श्वासाचा गंभीर त्रास होणाऱ्या बाळांचं प्रमाण 25.8 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आलं होतं.

पण हे औषध बाळापर्यंत पोचतं ते आईच्या रक्तातून. वाटेत ते तिच्या यकृताला जास्त साखर सोडायला लावतं आणि इन्सुलिनचा जोर कमी करतं. पहिल्या डोसनंतर साधारण 12 तासांत साखर चढू लागते. हा चढ 5 दिवसांपर्यंत टिकू शकतो. त्या काळात मधुमेहाची चाचणी केली तर निकाल फसवा येतो. आधीच मधुमेह असेल तर इन्सुलिन वाढवावं लागू शकतं. आईची साखर वारेतून बाळाकडेही जाते. बाळ जास्त इन्सुलिन बनवतं आणि नाळ कापल्यावर त्याची साखर एकदम उतरू शकते.

मग इंजेक्शन टाळायचं का? नाही. 2015मध्ये 6 देशांतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात बेळगाव आणि नागपूरचा ग्रामीण भागही होता. इंजेक्शन गावोगावी पोचलं, पण नवजात बाळांचे मृत्यू एकूणात वाढले. 2020मध्ये भारतासह 5 देशांतल्या रुग्णालयांत मात्र मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले. तिथे सोनोग्राफीने आठवडे नीट मोजले जात होते, बाळांची काळजी घेण्याची सोय होती. औषध तेच, फरक देखरेखीचा. साखर मोजणं हा त्या देखरेखीचाच भाग. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना सांगते: मधुमेह असला तरी इंजेक्शन द्या, पण साखर सांभाळा.

ताईच्या कळा थांबल्या. पाचव्या दिवशी साखरही उतरली. मी आईला कोकरांची गोष्ट सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “इंजेक्शन देतानाच कुणी हे एका वाक्यात सांगितलं असतं, तर मी त्या शिऱ्यावरून दोन रात्री जागले नसते.”